छोट्या व्यवसायाची योजना कशी लिहावी



आपल्या पत्रिकेत अभ्यास, परीक्षा, संस्कार, आरोग्य या विषयांवर नेहमी लेख येतात. यावेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे आणि त्याला कारण आहे. आपल्या पालकांपैकी बरेच जण आता घरातून छोटा उद्योग सुरू करतात. कोणी डबे देतात, कोणी शिवणाचे काम घेतात, कोणी मुलाला मोबाईल दुरुस्तीचे दुकान घालून देतात. त्यांतले काही जण बँकेत द्यायचा कागद "मॅडम, एकदा नजर टाका" म्हणून शाळेत घेऊन येतात. माझे पदवीचे शिक्षण वाणिज्य शाखेत, हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे बँकेच्या फॉर्मवरची ‘कार्यशील पूँजी’ म्हणजे आपले खेळते भांडवल, एवढे तरी मी सांगू शकते. पण असे कागद वाचताना पुन्हा पुन्हा एकच उणीव दिसते. ती सर्वांसमोर मांडावी असे वाटले.

हा कागद म्हणजे नुसती औपचारिकता नव्हे. त्याच्या मागे कोणाच्या निवृत्तीचा फंड असतो, कोणाच्या पाटल्या असतात, कोणी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडलेली असते. उद्योग बंद पडला की घराघरात काय होते, हे इंदूरच्या माणसाला सांगायला नको. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली आणि कामगारांच्या थकलेल्या रकमेचा मार्ग मोकळा व्हायला डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. ती मोठी मिल होती, तिच्या मागे युनियन होती, न्यायालय होते. घरातला उद्योग बसला तर मागे कोणीच नसते.

आता उणीव कोणती ते सांगते. बहुतेक कागदांत दोन गोष्टी भरपूर असतात. एक म्हणजे मालाची स्तुती: उत्तम दर्जा, घरगुती चव, वाजवी दर. दुसरी म्हणजे यंत्रसामग्रीची यादी, कोटेशनसकट. नसते ती तिसरी गोष्ट. घरातून गेलेला पैसा किती दिवस बाहेर राहणार आणि सर्वांत वाईट दिवशी घराला किती रुपयांचा खड्डा पडलेला असणार, हे कुठेच लिहिलेले नसते. माझ्या मते व्यवसायाच्या योजनेचा खरा गाभा हाच आहे. बाकीची प्रकरणे त्याला आधार देण्यासाठी असतात.

नुसते बोलून हे पटत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, रामबागेत राहणारी एक ताई आहे. तिच्या हातची थालीपिठाची भाजणी सगळ्या वाड्यात प्रसिद्ध आहे. तिला ती अर्ध्या किलोच्या पाकिटात भरून दुकानांतून विकायची आहे. खालचे सगळे आकडे समजावण्यापुरते धरले आहेत. आपले भाव आपण स्वतः सियागंजात आणि धान्य मंडीत जाऊन विचारावेत आणि ज्या तारखेला विचारले ती तारीखही योजनेत लिहावी. बँकेच्या अधिकाऱ्याला अशी तारीख फार आवडते. अर्ज करणारी व्यक्ती खरोखर बाजारात जाऊन आली आहे, हे त्याला त्यावरून कळते.

प्रथम एका पाकिटाचा हिशेब. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, धने, जिरे मिळून सरासरी ७० रुपये किलो धरू. निवडून, भाजून, दळून एक किलोचे सुमारे ९०० ग्रॅम पीठ हाती येते असे समजू. हा दहा टक्क्यांचा घाटा लोक हमखास विसरतात. म्हणजे अर्ध्या किलोच्या पाकिटात ३९ रुपयांचा माल गेला. गॅस आणि चक्कीची दळणावळ ९ रुपये, पिशवी आणि लेबल ६ रुपये, दुकानापर्यंत पोहोचवणे ४ रुपये. एकूण ५८ रुपये. छापील किंमत १०० रुपये. दुकानदार २० रुपये ठेवून घेणार, ताईच्या हातात ८० येणार. पाकिटामागे उरले २२ रुपये.

आता महिन्याचा ठरलेला खर्च, जो एक पाकीट विकले तरी लागतो आणि हजार विकली तरी लागतो. मदतनीस बाईचा पगार ९,००० रुपये, खोलीचे भाडे ५,००० रुपये, वीज, फोन आणि स्कूटरचे पेट्रोल मिळून २,५०० रुपये. येथपर्यंत सगळे लिहितात. चौथी ओळ मात्र कोणी लिहीत नाही: ताईचा स्वतःचा मेहनताना. तो १०,००० रुपये धरू. "अहो मॅडम, घरचेच काम, त्याचा कसला पगार?" असे म्हणणारे नवरे मी पाहिले आहेत आणि तसे म्हणणाऱ्या ताईही पाहिल्या आहेत. पण हीच ताई कुठे कामाला गेली असती तर चार पैसे मिळाले असतेच ना? तो आकडा वगळला तर तोट्यातला धंदा नफ्यात दिसतो आणि घरातल्या एका माणसाची दोन-तीन वर्षे फुकट जातात.

सगळा मिळून ठरलेला खर्च २६,५०० रुपये झाला. त्याला २२ ने भागले की उत्तर येते १,२०५ पाकिटे. एवढी पाकिटे दर महिन्याला विकली गेली तर ना नफा, ना तोटा. ताईचा मेहनताना काढून टाकला असता तर हाच आकडा ७५० आला असता. दोन्ही आकडे योजनेत शेजारी शेजारी लिहावेत, म्हणजे आपण कोणाच्या श्रमावर उभे आहोत हे घरातही कळते.

हा १,२०५ चा आकडा मोठा बोलका आहे. महिन्यात कामाचे २५ दिवस धरले तर रोज ४८ पाकिटे, म्हणजे २४ किलो पीठ. त्यासाठी रोज सुमारे २७ किलो धान्य भाजायचे. भाजणीचे धान्य एकत्र भाजून चालत नाही. बाजरीला लागते ती आच धन्याला चालत नाही, म्हणून प्रत्येक धान्य वेगळे भाजावे लागते. हे काम दोन बायकांच्या हातून रोज, मे महिन्याच्या उन्हात, होईल का? घरी दोन किलोची भाजणी करणे वेगळे. योजना लिहिताना हा प्रश्न कागदावर आला तर मोठी कढई किंवा भाजणीचे यंत्र का हवे, याचे कारण आपोआप लिहिले जाते. बँकेत ‘यंत्र हवे’ असे सांगण्यापेक्षा ‘रोज २७ किलो भाजायचे आहे, म्हणून हे यंत्र हवे’ हे वाक्य जास्त वजनदार ठरते.

आता ही पाकिटे घेणार कोण? येथे बहुतेक कागदांत एक भव्य वाक्य असते की इंदूरमध्ये मराठी लोकांची मोठी वस्ती असल्यामुळे मागणी भरपूर आहे. हे खरे असले तरी त्यातून एकही पाकीट विकले जात नाही. त्याऐवजी असे लिहावे: रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतल्या वीस दुकानांशी बोलणे झाले, प्रत्येक दुकानातून महिन्याला ६० पाकिटे, म्हणजे रोज दोन, खपतील असा अंदाज आहे. मग पुढे दुकानांची नावे लिहावीत आणि कोण माल ठेवायला तयार आहे, कोण ‘बघू’ म्हणाला, हेही प्रामाणिकपणे लिहावे. त्याआधी चाळीस घरांत नमुन्याची पुडी देऊन यावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन पैसे देऊन दुसरी पुडी कोण घेते ते पाहावे. फुकट खाऊन "छान झाली आहे हो" म्हणणाऱ्यांना ग्राहक समजू नये. आपल्या समाजात तोंडावर कोणी वाईट म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या गावापुरती. हिंदी भाषिक शेजाऱ्यांना भाजणी म्हणजे काय ते ठाऊक नसते. नुसते ‘भाजणी’ असे लेबल लावले तर कोणी ते पीठ पोळ्या करायला घेईल आणि पोळी फाटली म्हणून दुकानदाराकडे तक्रार करील. पाकिटाच्या मागे थालीपीठ कसे लावायचे ते चार ओळींत हिंदीत छापले तर ग्राहकांची संख्या कितीतरी वाढू शकते. छपाईचा खर्च तोच राहतो. लेबलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. खाण्याच्या वस्तूसाठी एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो आणि त्याचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता, तारीख हेही बंधनकारक आहे. आधी दहा हजार पिशव्या छापून घेऊन मग नियम विचारायला जाऊ नये. पुण्याच्या बहिणीच्या दुकानात माल पाठवायचा विचार असेल तर राज्याबाहेर विक्री होते, म्हणून जीएसटीचे काय ते आधी आपल्या सीएला विचारून घ्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ताई धान्य रोखीने आणणार, मदतनीस बाईला महिनाअखेर पगार देणार. दुकानदार मात्र माल आज ठेवून घेणार आणि पैसे पुढच्या महिन्यात देणार. विक्री हळूहळू वाढत गेली असे समजून सहा महिन्यांचा तक्ता करू. प्रत्येक महिन्यात बाहेर जाणारा पैसा म्हणजे पाकिटामागे ५८ रुपये अधिक ठरलेले २६,५०० रुपये. आत येणारा पैसा म्हणजे मागच्या महिन्याची विक्री गुणिले ८०.

पहिला महिना, विक्री ४०० पाकिटे: आत ०, बाहेर ४९,७००, एकूण खड्डा ४९,७००.
दुसरा महिना, ७०० पाकिटे: आत ३२,०००, बाहेर ६७,१००, खड्डा ८४,८००.
तिसरा महिना, १,००० पाकिटे: आत ५६,०००, बाहेर ८४,५००, खड्डा १,१३,३००.
चौथा महिना, १,३०० पाकिटे: आत ८०,०००, बाहेर १,०१,९००, खड्डा १,३५,२००.
पाचवा महिना, १,५०० पाकिटे: आत १,०४,०००, बाहेर १,१३,५००, खड्डा १,४४,७००.
सहावा महिना, १,५०० पाकिटे: आत १,२०,०००, बाहेर १,१३,५००, खड्डा १,३८,२००.

विद्यार्थ्यांनो, चौथ्या आणि पाचव्या महिन्याच्या ओळी पुन्हा वाचा. चौथ्या महिन्यात १,३०० पाकिटे विकली, म्हणजे वहीप्रमाणे २,१०० रुपये नफा झाला. पाचव्या महिन्यात तर ६,५०० रुपये नफा झाला. पण त्याच दोन महिन्यांत खड्डा आणखी खोल गेला. वहीत नफा आहे आणि डब्यात पैसा नाही, असे एकाच वेळी होऊ शकते. विक्री वाढते आहे म्हणूनच हे होते, कारण वाढत्या विक्रीसाठी आज जास्त धान्य घ्यावे लागते आणि पैसे मागच्या, कमी विक्रीचे येतात. चांगला चाललेला उद्योग नेमका या ठिकाणी बसतो. बाहेरचे लोक म्हणतात, "अरे, माल तर धडाधड जात होता, मग बंद का केले?"

यंत्र, मोठी कढई, शेगडी, वजनकाटा, पाकीट बंद करण्याचे मशीन यांना समजा ६०,००० रुपये लागले. बहुतेक जण बँकेकडे याच ६०,००० साठी अर्ज करतात, कारण कोटेशन तेवढ्याचेच असते. प्रत्यक्षात ताईला लागणार आहेत ६०,००० अधिक १,४४,७००, म्हणजे २,०४,७०० रुपये. यंत्रापेक्षा खड्डा दुपटीहून मोठा आहे. आणि दुकानदारांनी एका महिन्याऐवजी दोन महिन्यांनी पैसे दिले तर? तोच तक्ता पुन्हा मांडून पाहा. खड्डा २,५८,२०० रुपयांपर्यंत जातो. भाजणी तीच, ताई तीच, विक्रीही तीच. फक्त उधारी तीस दिवसांनी लांबली आणि एक लाखाहून अधिक रुपये जादा लागले.

म्हणून योजनेत उधारीचे दिवस हे वेगळे प्रकरण असले पाहिजे. उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या उत्पादकाला २००६ च्या एमएसएमई कायद्याने संरक्षण दिले आहे. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागते. ही नोंदणी जरूर करावी, ती विनाशुल्क आहे. तरीही कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याला कायदा दाखवला तर पुढच्या महिन्यात आपली पाकिटे सर्वांत खालच्या फळीवर जातील, हेही ध्यानात ठेवावे. व्यवहारात उपयोगी पडतात ते साधे उपाय. मागचे पैसे दिल्यावरच पुढचा माल. प्रत्येक दुकानाला उधारीची मर्यादा. आणि काही पाकिटे थेट घरोघरी, रोखीने. थेट विकलेल्या पाकिटामागे दुकानदाराचे २० रुपयेही वाचतात आणि पैसे त्याच दिवशी हातात येतात.

या बाबतीत लिज्जत पापडाचे उदाहरण नेहमी सांगितले जाते, पण ते बहुधा ‘८० रुपयांतून एवढा मोठा उद्योग’ एवढ्यावरच थांबते. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, हे खरेच आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची पैशाची व्यवस्था. लाटणाऱ्या बहिणींना मजुरी रोजच्या रोज द्यायची, म्हणून वितरकाने माल उचलताना रोख पैसे द्यायचे. पैसा बाहेर जायचा दिवस आणि आत यायचा दिवस त्यांनी जवळ आणून ठेवला. उसने घेतलेले भांडवल अगदी थोडे असूनही काम चालले, त्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे. प्रत्येकाला अशी रोखीची अट घालता येणार नाही. ताईची भाजणी अजून कोणाला माहीत नाही, दुकानदार तिच्यासाठी अडून बसलेला नाही. पण जिला ही अट घालता येत नाही, तिने निदान उधारीचा खर्च मोजून ठेवावा.

एवढे झाले की ‘काय बिघडू शकते’ हे प्रकरण लिहायला घ्यावे. ते लिहिले तर बँक घाबरेल, असा समज आहे. माझे मत उलट आहे. ज्या योजनेत एकही अडचण नाही ती कोणी दुसऱ्याने लिहून दिली आहे, हे अधिकारी लगेच ओळखतो. ताईच्या बाबतीत डाळी महागल्या आणि पाकिटामागचा माल ३९ वरून ४५ रुपये झाला तर उरतात २२ ऐवजी १६ रुपये आणि ना नफा ना तोट्याचा आकडा १,२०५ वरून थेट १,६५७ वर जातो. सहा रुपयांनी साडेचारशे पाकिटांचा फरक पडला! मग धने-जिरे नवा माल येतो तेव्हा, मार्च-एप्रिलमध्ये, वर्षाचे घेऊन ठेवायचे का? घेतले तर तेवढा पैसा अडकतो, म्हणजे तक्त्यात खड्डा वाढला. पावसाळ्यात पिठाला अळी लागते, दुकानदार माल परत करतो, तो तोटा कोणाचा? श्रावणात उपवासाची आणि दिवाळीत चकलीची भाजणी जास्त जाईल, मग उन्हाळ्यात काय? याची उत्तरे पूर्ण असतील असे नाही, पण प्रश्न कागदावर हवेत.

आता बँक. अधिकाऱ्याला आपल्या चवीशी देणेघेणे नसते. तो तीन गोष्टी पाहतो: घरचा पैसा किती घातला, हप्ता कशातून देणार, आणि पैसे अडकले तर काय. ताईने २,०४,७०० च्या वर थोडी गंगाजळी धरून २,३०,००० रुपयांची योजना केली, त्यात घरचे ८०,००० आणि कर्ज १,५०,००० असे समजू. बारा टक्के व्याजाने तीन वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला सुमारे ४,९८० रुपये येतो. १,५०० पाकिटांवर ताईच्या हातात उरतात ६,५००. म्हणजे हप्ता भरून १,५०० रुपयेच राहिले. फारच काठावरचे आहे! विक्री १,८०० पाकिटांवर नेली तर १३,१०० उरतील, पण मग रोज ४० किलो धान्य भाजावे लागेल आणि दुसरी मदतनीस घ्यावी लागेल, म्हणजे ठरलेला खर्च वाढला आणि त्या १३,१०० मधून तिचा पगार गेला. असे आकडे एकमेकांना ओढत राहतात. कागदावर ते ओढले गेले तर नुकसान फक्त कागदाचे होते. आणखी एक, खड्डा सहाव्या महिन्यापर्यंत भरायला लागत नाही हे तक्ता दाखवतोच आहे. तेव्हा हप्ता सहा महिन्यांनी सुरू करावा अशी सवलत अर्जातच मागावी आणि सोबत तक्ता जोडावा. मागून पाहिल्याशिवाय कोणी देत नाही.

मुद्रा योजना एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली. तीत ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज ‘शिशु’ गटात आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंतचे ‘किशोर’ गटात येते. त्याला तारण लागत नाही. लहान गटात कर्ज लवकर मिळते म्हणून गरज दोन लाखांची असताना ५०,००० वर समाधान मानणारे पुष्कळ आहेत. मग ते पैसे यंत्रात जातात आणि धान्यासाठी सावकाराकडे किंवा नातेवाइकांकडे हात पसरावा लागतो. अपुरे कर्ज घेण्यापेक्षा उद्योग निम्म्या आकाराचा करावा आणि पुन्हा तक्ता मांडावा, असे मी सुचवीन.

बाजारात तयार प्रोजेक्ट रिपोर्ट विकत मिळतात. दीड-दोन हजार रुपयांत वीस पाने, रंगीत मुखपृष्ठासह. एका पालकांनी असाच एक रिपोर्ट मला दाखवला होता. उद्योग मसाल्याचा आणि चौदाव्या पानावर दुधाळ जनावरांच्या विम्याची तरतूद! फॉर्म भरायला, टाइप करायला मदत जरूर घ्यावी. आकडे मात्र आपलेच असावेत. पहिला मसुदा मराठीत, साध्या वहीत, घरच्या लोकांसमोर बसून लिहावा. मग तो हिंदीत किंवा इंग्रजीत करून घ्यावा. ज्या भाषेत आपण स्वयंपाकघरात भांडतो त्या भाषेत पैशाचा हिशेब खरा होतो. योजना चार-पाच पानांची पुरे. सुरुवातीचे एक पान गोषवाऱ्याचे असते, ते सर्वांत शेवटी लिहावे. व्यवसायाचे नाव, मालकी, जागा, नोंदण्या याला अर्धे पान पुरते. जास्तीत जास्त जागा तक्त्याला द्यावी. आणि सुरुवात झाल्यावर दर महिन्याला त्या तक्त्यात अंदाजाच्या शेजारी खरा आकडा पेनाने लिहावा. तीन महिने खरा आकडा अंदाजाच्या खाली राहिला तर पाटल्या मोडण्याआधी घरात बोलणे करावे.

ताईने आणखी एक करता येते. पहिले पाच महिने आपला मेहनताना घ्यायचा नाही असे तिने ठरवले तर ५०,००० रुपये वाचतात आणि खड्डा १,४४,७०० वरून ९४,७०० वर येतो. मार्ग चांगला आहे, पण तिचे हे ५०,००० रुपये घरच्या भांडवलात तिच्या नावाने लिहावेत. पुढे उद्योग वाढला आणि दीर, मुलगा, जावई भागीदार झाले तर ही ओळ तिच्या उपयोगी पडेल.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. अकरावीच्या वाणिज्य वर्गाला प्रकल्प म्हणून दर वर्षी पुस्तकातली काल्पनिक कंपनी दिली जाते. त्याऐवजी आपल्याच पालकांपैकी कोणाच्या खऱ्या व्यवसायाचा सहा महिन्यांचा तक्ता, त्यांच्या परवानगीने आणि नाव न छापता, मुलांकडून करून घ्यावा असा प्रस्ताव मी मांडणार आहे. मुलांना नफा आणि रोकड यांतला फरक कळेल आणि पालकांना फुकटात एक मुनीम मिळेल.

आनंद मेळाव्याच्या स्टॉलसाठीही यंदा एक पानाची योजना द्यावी लागेल. पाणीपुरी असो, भेळ असो की हस्तकला. एका बशीचा खर्च, किती बश्या विकल्यावर सामानाचे पैसे निघतात, उरलेल्या मालाचे काय करणार, एवढे लिहावे. वर्गशिक्षकांना फुकट बशी दिली तर तीही खर्चात धरावी. अर्जाचा नमुना कार्यालयात ठेवला आहे. त्यात पहिला रकाना पदार्थाच्या नावाचा नसून ‘सामानाचे पैसे कोणाकडून घेतले आणि कोणत्या तारखेला परत करणार’ असा आहे. तो रिकामा ठेवून आणलेला अर्ज घेतला जाणार नाही.